दुकानातलं हृदय आणि घरातलं

माझ्या नवऱ्याचं हृदय माझ्यामुळे बिघडतं, असा निकाल एका मनगटी पट्ट्याने दिला आणि माझ्या सख्ख्या लेकीने तो मला फोनवरून वाचून दाखवला. इतकी वर्षं संसार केला त्याचं हे बक्षीस! बरं, पट्ट्याशी भांडावं तर त्याला तोंड नाही, आणि लेकीशी भांडावं तर ती तोंडाने माझ्यावर गेलेली.

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. बाजारपेठेत फुलवालीच्या शेजारी त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणायचं म्हणून म्हणायचं, नाहीतर कपाटच ते. एक टेबल, एक स्टूल, गिऱ्हाईक कसंबसं उभं राहील एवढी जागा आणि भिंतभर घड्याळं. सगळी एकमेकांशी काट्याला काटा जुळलेली. घरात मात्र मी आहे. स्वयंपाकघरातलं घड्याळ मी थोडं पुढे लावून ठेवते, म्हणजे माझी धावपळ वेळेत सुरू होते. हे घरी आल्याआल्या ते मागे करतात. मी पुन्हा पुढे करते. त्या घड्याळावरून आमच्यात जेवढी बोलाचाली झाली, तेवढी लेकीच्या लग्नावरूनही झाली नसेल.

माझं म्हणाल तर मी पोस्टाच्या खिडकीवर नोकरी केली. आता निवृत्त आहे आणि संध्याकाळी एका हौशी नाटक मंडळीत प्रॉम्प्टिंग करते. विंगेत बसायचं आणि नट अडखळला की पुढचं वाक्य हळूच पुरवायचं. तालीमभर कुजबुजून घरी आले की माझा आवाज मोकळा सुटतो. मी बोलते, गाते, भांडी आपटते. आणि तालीम कधीच वेळेवर संपत नाही, त्यामुळे मीही कधी वेळेवर घरी येत नाही. घड्याळजींची बायको आणि कायम उशिरा, यावर अख्ख्या बाजारपेठेने हसून घेतलं आहे.

तर झालं असं, की एके दिवशी दुकानात हे स्टुलावरून उठले आणि त्यांना भोवळ आली. फुलवाली धावत आली, तोंडावर पाणी मारलं, गाडी करून त्यांना घरी घेऊन आली. चेहरा पांढराफटक. मी हात धरला तर डोळे उघडून पहिलं वाक्य काय बोलावं? "भिंग फुटलं नाही ना, बघ."

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा लावून आलेख काढला. त्यात काही सापडलं नाही. "पण काका, ठोका मधेच अडखळत असेल तर तो माझ्यासमोरच अडखळेल असं नाही," त्या म्हणाल्या. "महिनाभर, रोजच्या कामात असतानाचं मोजमाप मिळालं तर मला नीट ठरवता येईल."

मोजमाप म्हटल्यावर आमची माऊ पुढे सरसावली. माऊ म्हणजे लेक. ती दुसऱ्या शहरात, अंगाला लावून शरीराची खबर काढणाऱ्या वस्तू बनवतात अशा कंपनीत आहे. गादीखाली घालायच्या चटया, बुटात घालायचे तळवे, मनगटावरचे पट्टे, काय वाटेल ते. ती लगेच पट्टा घेऊन आली आणि स्वतःच्या हाताने बाबांच्या मनगटावर बांधला. आत एक हिरवा दिवा लुकलुकतो. तो कातडीवर पडतो, आत रक्त पुढे सरकलं की उजेड कमीजास्त होऊन परत येतो, आणि त्यावरून पट्ट्याला ठोका कळतो. तिला तिकडे बसून फोनवर सगळं दिसणार.

"बाबा, हा सतत चालू राहिला पाहिजे. मधे बंद पडला तर मोजमाप वाया जाईल."

"बंद पडू देणार नाही," हे म्हणाले. चालू ठेवण्याच्या बाबतीत यांनी शब्द दिला की तो पाळणार, एवढं मी छातीठोक सांगू शकते.

पहिल्या रविवारी माऊचा फोन आला. फोन टेबलावर ठेवून आम्ही दोघं समोर बसलो.

"आई, बाबा दुकानात असतात ना, तेव्हा त्यांचं हृदय कसलं सुरेख चालतं! एकदम एकसारखं. ताण जवळजवळ नाहीच. आणि चालतातही भरपूर."

"दुकानात? तिथे चालायला जागा कुठे आहे?"

"अगं, येरझारा घालत असतील." तिने तो विषय उडवून लावला. "पण घरी आले की सगळं वरखाली. ठोके कधी जलद, कधी सावकाश. ताण चढतो काय, उतरतो काय! आई, तू नक्की करतेस काय त्यांना?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे गालातल्या गालात हसत होते. "कामात मन लागतं माझं," म्हणाले.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे घरात लागत नाही?"

"असं कुठे म्हटलं मी?"

"तुम्ही कशाला म्हणाल? पट्टा म्हणतोय ना!"

पुढच्या दोन्ही रविवारी तेच. दुकानात सुरेख, घरी वरखाली. मी वरवर चेष्टा केली, पट्ट्याला सवत म्हटलं, माऊ खिदळली. पण खरं सांगायचं तर मी घाबरले होते. हे कमी बोलणारे. माझा आवाज, माझा उशीर, माझं भांडी आपटणं, सगळं हे आयुष्यभर मुकाट सोसत आले असतील आणि ते आता छातीत साठून बाहेर येत असेल तर? माणूस खोटं बोलेल, पण हिरवा दिवा कशाला खोटं बोलेल? भाजी चिरताना, अंथरूण घालताना माझ्या डोक्यात तेच घोळत राहायचं.

मग मी तोंडाला कुलूप घातलं. नाटक मंडळींना सांगितलं, काही दिवस येत नाही, दुसरं कुणीतरी बघा. कपाटाची दारं दोन्ही हातांनी अलगद लावू लागले. गाणं बंद. स्वयंपाकघरातलं घड्याळ मी होऊन बरोबर लावलं. त्या संध्याकाळी हे आले, सवयीने घड्याळाकडे हात नेला आणि तो तसाच हवेत राहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"बरं आहे ना तुला?"

"बरं आहे."

"डोकं वगैरे?"

"बरं आहे म्हटलं ना."

जेवताना घरात एवढी शांतता, की घास चावल्याचा आवाज ऐकू यावा. मला वाटलं, आता येईल आलेख सुतासारखा सरळ.

कसला सरळ? रविवारी माऊचा आवाजच उतरलेला होता. "बाबांची झोप पार विस्कटली आहे. दुकानात अजूनही छान, पण घरी..." ती थांबली. असं थांबून बोलणं तिच्या स्वभावात नाही. "आई, राग मानू नको हं. तू थोडे दिवस माझ्याकडे येतेस का? बाबांना दुकान आहे, तिथे ते शांत असतात. घरीही जरा शांतता मिळाली तर बघू काय फरक पडतो."

म्हणजे माझ्याच घरातून मला उचलून बाहेर ठेवायचं, आणि तेही औषध म्हणून. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? यांच्या हृदयापुढे माझा मान कुठे मोठा? फोन ठेवल्यावर यांना विचारलं, "जाऊ का?"

हे एका बारक्या स्क्रूकडे बघत होते. मान वर न करता म्हणाले, "तुला जावंसं वाटत असेल तर जा."

झालं. डॉक्टरीणबाईंची वेळ ठरली होती त्याच्या दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं आणि बॅग भरून दाराशी ठेवली.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी हे डबा घरीच विसरून गेले. एरवी मी दुकानात जात नाही. मी बोलायला लागले की यांच्या चिमट्यातून काहीतरी निसटतं आणि मग दोघंही जमिनीवर रांगत ते शोधत बसतो. पण त्या दिवशी गेले. फुलवाली म्हणाली, "काकू, डबा कशाला आणलात? काका तो संध्याकाळी जाताना उघडतात. दिवसभर त्या स्टुलावर डोकं खाली घालून बसलेले असतात."

डोकं खाली घालूनच बसले होते. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, दोन्ही मनगटं मोकळी.

मोकळी? मी पुन्हा पाहिलं. मनगटावर पट्टा नव्हता.

टेबलाच्या कडेला यांचा पाळणा फिरत होता. पाळणा म्हणजे विजेवर सावकाश फिरणारं एक चाक. काही घड्याळं हाताच्या हालचालीवर चालतात, नुसती पडून राहिली की थांबतात. म्हणून ती दुरुस्त झाली की हे त्यांना चाकावरच्या छोट्या छोट्या गाद्यांना बांधून फिरवत ठेवतात. त्या दिवशी गिऱ्हाइकांची दोन-तीन घड्याळं गोल फिरत होती, आणि त्यांच्यामध्ये, एका गादीला नीट आवळून, माऊचा काळा पट्टा. खालून हिरवा दिवा लुकलुकत होता.

"अहो, हे काय?"

"पाळणा," हे भिंगातूनच म्हणाले. "जी घड्याळं पडून राहिली की..."

"ते माहीत आहे मला! पट्टा तिथे काय करतोय?"

यांनी भिंग काढलं. "अगं, मनगटाला काही बांधून या कामाला बसता येतं का? कुठेतरी अडकतं, काचेवर ओरखडा जातो. मी कधी घड्याळ तरी घातलंय का? पहिल्या दिवशी काढून टेबलावर ठेवला, तर थोड्या वेळात दिवा विझला. माऊने बजावलं होतं, बंद पडू द्यायचा नाही. म्हटलं, हाही पडून राहिला की थांबतो. मग पाळण्यावर चढवला. बघ, दिवसभर चालू असतो. दुकान बंद करताना काढून हातात घालतो." आणि वर अभिमानाने, "एकदाही बंद पडू दिला नाही."

मी डबा टेबलावर ठेवला. मग पोटातून जे हसू आलं, ते काही केल्या आवरेना. फुलवाली हातातला हार तसाच घेऊन डोकावली. मी टेबलाला धरून हसत होते आणि हे माझ्याकडे आणि पाळण्याकडे आळीपाळीने बघत होते.

"अहो, तुमचं ते शांत, सुरेख, एकसारखं हृदय म्हणजे हे चाक आहे! येरझारा घालणारं!"

"पण ठोके? ठोके मोजले ना त्याने?"

"गादीचे मोजले!"

यांनी पाळणा बंद केला, पट्टा काढला, उलटा करून पाहिला आणि कानाशी नेला. जन्माची सवय. मग माझ्याइतकंच त्यांनाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं एकदम हसलो.

घरी परतताना मात्र माझं हसू ओसरलं. दुकानातलं हृदय खोटं निघालं, पण घरातलं तर खरंच होतं. घरी पट्टा यांच्या मनगटावरच असायचा. ती सगळी वरखाली, ती विस्कटलेली झोप यांचीच होती. बॅग दाराशी तशीच उभी होती.

दवाखान्यात मीच आधी सगळं सांगून टाकलं. हे जमिनीकडे बघत बसले होते.

डॉक्टरीणबाई पोटभर हसल्या. "तरीच! काका, तुमच्या लेकीने पाठवलेला दुकानातला आलेख बघून मी बुचकळ्यात पडले होते. म्हटलं, हा माणूस आहे की भिंतीवरचं घड्याळ? इतका एकसारखा ठोका खरंच असता तर मला काळजी वाटली असती."

यांनी मान वर केली. "एकसारखा म्हणजे चांगला ना?"

"घड्याळाचा चांगला. हृदयाचा नाही. निरोगी हृदय सतत थोडं पुढेमागे होत असतं. श्वास आत घेतला की जरा लवकर, सोडला की जरा सावकाश. कुणी हाक मारली, जिना चढलात, काही आठवलं, की त्याप्रमाणे बदलतं."

"म्हणजे चुकतं?"

"चुकत नाही हो. जुळवून घेतं."

यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घड्याळातलं पुढेमागे काढून टाकलं, त्यांना कुणीतरी सांगत होतं की छातीत ते असलंच पाहिजे.

"तुमचं घरातलं मोजमाप मी बारकाईने पाहिलं," त्या पुढे म्हणाल्या. "ठोका कुठेही अडखळलेला नाही, झोपेतही नाही. दुकानातलं आपण पुन्हा घेऊ. या वेळी पट्टा दंडावर बांधा, म्हणजे कामात येणार नाही. पण मला वाटतं, भोवळ उपाशीपोटी तासन्‌तास वाकून बसल्यामुळे आणि मग एकदम उठल्यामुळे आली असेल. डबा कधी खाता?"

"खातच नाहीत," मी म्हटलं. आणि मग जे विचारायला आले होते ते विचारलं. आवाज माझा असूनही ऐकू येईना. "आणि घरातला तो ताण? माझ्यामुळे होतो का? मी उद्या लेकीकडे जाते आहे."

त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. "हे बघा. रोज संध्याकाळी घरी आले की काकांचा ठोका हळूहळू चढत जातो. मग एका ठिकाणी झपकन उतरतो, आणि त्यानंतर दिवसातला सगळ्यात निवांत वेळ. काका, उतरतो तेव्हा काय होतं?"

हे नखं बघत राहिले. "ही घरी येते."

"आणि चढत जातो तेव्हा?"

"तेव्हा... आलेली नसते."

डॉक्टरीणबाईंनी बोट पुढे सरकवलं. "आता हा शेवटचा आठवडा. इथे संध्याकाळी चढणं नाही, पण उतरणंही नाही. झोप सगळी तुकड्यातुकड्यांत. या आठवड्यात काय झालं होतं?"

"ही गप्प होती," हे म्हणाले. मग माझ्याकडे वळून, डॉक्टरीणबाई तिथे नसल्यासारखं बोलू लागले. "गाणं नाही, भांडण नाही. घड्याळसुद्धा बरोबर. विचारलं की म्हणायचीस, बरं आहे. मला वाटलं, तुला काहीतरी झालंय आणि तू मला सांगत नाहीस. मग माऊकडे जायचं म्हणालीस. म्हटलं, तिथे उपचार घ्यायचे असतील. जागाच असायचो मी. तुझा श्वास ऐकत."

मला रडू कोसळलं. आणि रडता रडता भयंकर रागही आला. "तोंडाने बोलायला काय झालं होतं? एवढ्यासाठी हाताला दिवा बांधून घ्यावा लागतो का?"

"तू तरी कुठे बोललीस?"

हे त्यांचं बरोबर होतं. मी नाक पुसलं.

घरी येऊन आधी बॅग उपसली, मग माऊला फोन केला. पाळण्याचं ऐकून ती आधी किंचाळली, मग इतकी हसली की जावई धावत आले. मग म्हणाली, "आई, आतला दिवा नीट लागतो का ते बघणं कंपनीत माझंच काम. गादीवरून येणारा उजेड ओळखायला हवा होता मी. पण बाबा बरे आहेत असंच मला दिसायला हवं होतं ना, म्हणून ती सरळ रेघ बघून बरं वाटलं. आणि तुला मी..."

"असू दे," मी म्हटलं. "तुझ्या बाबांनी तो बंद पडू दिला नाही, हे लक्षात ठेव." तिच्या कचेरीत आता त्या पाळण्याचा फोटो भिंतीवर लावला आहे म्हणे. नवीन आलेल्यांना आधी तो दाखवतात.

पट्टा दंडावर चढला आणि दुकानातलंही खरं हृदय दिसू लागलं. बारीक स्प्रिंग उडाली की ठोका उसळतो, सापडली की खाली येतो. दुपारी फुलवाली हाक मारते आणि डबा उघडेपर्यंत समोरून हलत नाही. भोवळ पुन्हा आली नाही. डॉक्टरीणबाईंनी सगळं पाहून दुकान चालू ठेवायला सांगितलं आणि पट्टा काढून ठेवला तरी चालेल म्हणाल्या. स्वयंपाकघरातलं घड्याळ पुन्हा पुढे गेलं आहे. हे ते अजूनही मागे करतात.

मीही विंगेत परतले. वेळेवर येते का? छे, तालीम कधी वेळेवर संपली आहे? पण तेव्हापासून मी एक केलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच हाक मारायची, "अहो, आले!" दारापर्यंत पोचायला मला वेळ लागतो, तेवढा आधी यांचा जीव भांड्यात पडावा. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली, तर त्यांना सांगितलं, हे औषध आहे.

परवा घसा बसला होता, म्हणून हाक न मारताच वर आले. दार सताड उघडं. हे उंबऱ्यात उभे, भिंग कपाळावर चढवलेलं, एक चप्पल पायात, दुसरी हातात.

"हाक कुठे गेली?" म्हणाले. खरंच रागावले होते.

मी पिशवी त्यांच्या हातात दिली, तशीच मागे फिरले, जिना उतरून पहिल्या पायरीवर गेले आणि बसलेल्या घशाने जमेल तेवढ्या मोठ्याने हाक मारली.